हवा भरणारे दादा

अंदमानातल्या स्कुबावर लिहा आणि रंगीत फोटो भरपूर पाठवा, असं संपादकांचं फर्मान होतं. फोटोंचं काय होतं ते पहिल्याच सकाळी कळलं. पाण्याखाली कॅमेरा दिसला की आपला माणूस हमखास अंगठा वर करतो. डायव्हिंगच्या खुणांमध्ये अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. किनाऱ्यावर हे दोनदोनदा सांगितलेलं असतं, तरी सवय ती सवय. मग हा अंगठा फोटोसाठीचा की घाबरल्याचा, हे इन्स्ट्रक्टरला मास्कच्या काचेआडचे डोळे पाहून ठरवावं लागतं.

स्वराज द्वीप म्हणजे जुनं हॅवलॉक. नाव २०१८ च्या डिसेंबरात बदललं, पण बोटीवर, दुकानात, रिक्षात अजून हॅवलॉकच चालतं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना १९५० च्या दशकात इथे जमिनी दिल्या गेल्या, म्हणून गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी. आसपासच्या समुद्रातल्या डायव्हिंगच्या जागांची नावं मात्र वेगळ्या घराण्याची. जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल ही नावं करेन डायव्हरांवरून पडली. करेन मंडळींना इंग्रजांनी १९२५ साली ब्रह्मदेशातून आणून मायाबंदरकडे वसवलं. समुद्र त्यांना तोंडपाठ. बाकीचा इतिहास कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल.

मी रेंगाळलो तो एका डाइव्ह शॉपच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत. तिथे कॉम्प्रेसर असतो. पुढच्या बाजूला संगीत, ओले वेटसूट, सेल्फी. मागे कानठळ्या बसवणारा आवाज आणि पन्नाशीचा एक माणूस. सगळे त्याला दादा म्हणतात. बापाने इथेच नारळ-सुपारी लावली. दादांना पोहता उत्तम येतं, पण स्कुबाच्या नादी ते लागले नाहीत. त्यांचं काम हवा भरण्याचं.

लोक ज्याला सर्रास 'ऑक्सिजन सिलिंडर' म्हणतात, त्यात असते आपली नेहमीचीच हवा. ॲल्युमिनियमची ११ लिटरची टाकी, तिच्यात २०० बारच्या दाबाने कोंबलेली सुमारे बावीसशे लिटर हवा. या हवेचं वजन अडीच किलोच्या वर भरतं. त्यामुळे भरलेली टाकी पाण्यात बुडते आणि रिकामी होत आली की तरंगू पाहते. डाइव्हच्या शेवटी नवशिक्याला कुणीतरी पाठीला धरून वर ओढतंय असं वाटतं, त्यामागे हे कारण.

हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा निवली की तिच्यातलं पाणी सुटतं. अंदमानची हवा आधीच इतकी दमट, की कॉम्प्रेसरला हवेबरोबर पाणीच प्यायला मिळतं. म्हणून तीन-चार टप्प्यांत दाबायचं, प्रत्येक टप्प्याला निववायचं आणि थोड्या थोड्या वेळाने खालची तोटी उघडून साचलेलं पाणी काढून टाकायचं. दादा तोटी फिरवतात तेव्हा फस्सकन दुधट पाण्याचा फवारा बाटलीत पडतो. ते पाणी दादा उजेडात धरून पाहतात. तेलाचा तवंग किती, रंग कसा, यावरून यंत्राच्या पोटातलं त्यांना समजतं. यानंतर फिल्टर. त्यातला एक थर उरलेली ओल शोषतो, कोळशाचा थर तेलाची वाफ धरतो.

"हवा का स्वाद नहीं होना चाहिए," हे दादांचं एकमेव तत्त्वज्ञान. भरलेल्या टाक्यांपैकी एखादीची झडप किंचित उघडून ते हवा नाकाजवळ घेतात, मग जिभेवर. रबराचा, तेलाचा, कसलाही वास आला तर टाकी रिकामी करायची. पण ज्याची खरी भीती, त्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही की चव नाही. शेजारच्या जनरेटरचा धूर कॉम्प्रेसरने ओढला, तर तो टाकीत जातो. दहा मीटर खोलीवर दाब वरच्या दुप्पट असतो, त्यामुळे वर जेमतेम चालून गेलं असतं ते प्रमाणही खाली घात करू शकतं. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि माणूस समजतो की लाटांनी मळमळतंय.

बेटावरची वीज मुख्यतः डिझेलवर चालणारी. ती गेली की आसपासच्या हॉटेलांचे आपापले जनरेटर सुरू होतात. म्हणून कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी छपराच्याही वर, बांबूला बांधून नेलेली. नळीच्या तोंडाशी दादांनी लाल चौकड्यांच्या गमछ्याची एक पट्टी बांधली आहे. हिवाळ्यात वारा ईशान्येचा, मेपासून नैऋत्येचा. मधल्या दिवसांत त्याचा काही भरवसा नाही. पट्टी हॉटेलकडून आपल्याकडे फडफडायला लागली की दादा यंत्र बंद करतात. पुढे पंचवीस गिऱ्हाइकं वेटसूट घालून घामाघूम उभी असोत. मालक चिडतो, पोरं कुरकुरतात. दादा पायरीवर बसून विडी पेटवतात; तीही खोलीपासून चांगली लांब.

टाक्या सावकाश भरायच्या, हाही त्यांचा हट्ट. घाईने भरलेली टाकी हाताला चटका देते, काटा २०० दाखवतो आणि निवल्यावर १८० वर येतो. अशा टाक्या भरणाऱ्याला दादा जो शब्द वापरतात तो छापता येणार नाही. टाकी भरली की झडपेतली रबरी रिंग नखाने चाचपायची, तडा असेल तर बदलायची आणि तोंडावर चिकटपट्टी लावायची. पट्टी असलेली टाकी भरलेली, नसलेली रिकामी. रजिस्टर आहे, पण विश्वास पट्टीवर.

स्कुबाच्या गोष्टीत नाव होतं ते रेग्युलेटरचं, आणि ते रास्तही आहे. १९४३ साली कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंचांनी तो घडवला. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गॅसवर चालणाऱ्या गाड्यांसाठी गान्यांने केलेल्या झडपेतून तो निघाला. श्वास ओढला की हवा देतो, थांबलं की थांबतो, आणि बिघडलाच तर बंद न पडता भसाभसा वाहत राहतो, अशी त्याची रचना. पण तो येईल ती हवा पुढे देतो. ती कशी आहे, ते त्याला विचारू नका.

अडचणी विचारल्या तर दादा हंगामाकडे बोट दाखवतात. डिसेंबर-जानेवारीत सहलींचे तांडे उतरतात, त्यात मराठी मंडळी भरपूर. सेल्युलर जेल झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हॅवलॉक, आणि पॅकेजमध्ये 'स्कुबा समाविष्ट'. निम्म्या लोकांना पोहता येत नाही. त्याने अडत नाही, कारण नवख्याला कमाल १२ मीटरपर्यंतच नेतात आणि इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ पाठीमागून टाकी धरून असतो. पाहुण्याच्या हातात काही म्हणजे काही नसतं. त्या इन्स्ट्रक्टरच्या कानांचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही. एकाच दिवसात इतक्यांदा खालीवर करून कान धरले, तरी सर्दीची गोळी घेऊन तो पुन्हा उतरतो, कारण रोजी डाइव्हवर मिळते.

प्रवाळाचं दुखणं याहून जुनं. १९९८, २०१०, २०१६ असं समुद्र तापला की प्रवाळ पांढरं पडत आलं आहे. २०१० चा फटका अंदमानात फार मोठा होता. पाणी एखाद-दोन अंश जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं. अन्न देणारं तेच असतं, रंगही त्याचाच. पाणी वेळेत निवलं तर जगतं, नाहीतर मेलेल्या सांगाड्यावर दुसरंच शेवाळ चढतं. उरलेल्यावर आपण उभे राहतो. अगदी शब्दशः, बूट घालून.

तिसरं दुखणं डाइव्हआधी भरायच्या तब्येतीच्या फॉर्मचं. दमा, हृदयविकार, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन, सगळं त्यात विचारलेलं असतं. माझ्यासमोर सांगलीकडचे एक काका टेबलाशी आले. साठी उलटलेली, टोपी, गळ्यात वॉटरप्रूफ पाउचमध्ये मोबाइल.

"बीपीची गोळी चालू आहे, पण ते लिहू नका," ते टेबलामागच्या मुलीला म्हणाले.

"काका, गोळी चालू असेल तर डॉक्टरचं पत्र लागतं."

"अहो, मी रोज पाच किलोमीटर चालतो! आणि पैसे पुण्यातच भरलेत."

मुलगी बधली नाही. ती नागपूरची, इथे डाइव्हमास्टर व्हायला आलेली. तिने पुढचा प्रश्न विचारला, परतीचं विमान कधी? उद्या सकाळी सातचं. मग तर प्रश्न आणखीच अवघड झाला, कारण डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी बारा ते अठरा तास जावे लागतात. रक्तात विरघळलेला नायट्रोजन वरच्या कमी दाबात बुडबुडे धरतो. इथून फेरीने पोर्ट ब्लेअर, आता त्याचं नाव श्री विजयपुरम, आणि तिथून पहाटे विमानतळ, असा कार्यक्रम आखणाऱ्याने हे तास कुठे धरले होते कोण जाणे.

काकांनी फोनवर टूर मॅनेजरला झाडला. पैसे परत मिळणार नाहीत, बदल्यात दुसरी ॲक्टिव्हिटी देतो, असं ठरलं. दुपारी ते एलिफंट बीचच्या बोटीत बसले. तिथे स्नॉर्कलिंग. कमरेला रबरी ट्यूब, तोंडात नळी, पुढे ओढून नेणारा पोरगा. स्नॉर्कलिंग करताना जी माणसं दगावतात, त्यांत उतारवयातली आणि हृदयाचं दुखणं असलेली बरीच असतात. त्या काउंटरवर फॉर्म नव्हता. चपला कुठे ठेवायच्या, एवढंच विचारलं.