कालवं सुटत नाहीत, मग जेल का सुटते?

ओहोटी लागून मालवणच्या किनाऱ्यावरचे खडक उघडे पडले, की कालवं काढणाऱ्या बायका हातात लोखंडी हत्यार घेऊन येतात. कालवं हाताने ओढून निघत नाहीत. वरची शिंपली फोडून आतला मांसल भाग काढून घ्यावा लागतो; खालची शिंपली खडकालाच चिकटून राहते. दिवसातून दोनदा येणारी भरती, पावसाळ्यातल्या लाटा, खारे पाणी आणि वरून कडक ऊन, एवढे सोसूनही ती सुटत नाही.

आता दुसरे दृश्य. लग्नसराईत एखादी मुलगी नखांवर जेलचा चकचकीत थर लावून घेते. 'दोन-तीन आठवडे काही होणार नाही' असे तिला सांगितलेले असते. पण चार दिवस भांडी घासली, मासे धुतले, की एका नखाची कड उचलली जाते आणि मग एक दिवस अख्खा थर टपकन निघून येतो. कोणी जेलला दोष देते, कोणी म्हणते, 'माझी नखंच तशी!' खरे कारण मात्र बहुतेक वेळा जेल आणि नख यांच्या मधल्या जागेत असते. ती जागा आपण जरा निरखून पाहू.

नख म्हणजे केरॅटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचे, एकावर एक बसलेल्या पापुद्र्यांचे पत्रे. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. दिसायला ते काचेसारखे घट्ट असले, तरी पाणी शोषून घेते. कपडे धुऊन झाल्यावर नख सहज वाकते, हे प्रत्येकाने अनुभवलेले आहे. त्याशिवाय त्यावर त्वचेतून आलेल्या तेलाचा पातळ थर असतो आणि मुळाशी पारदर्शक, मृत कातडीचा पापुद्रा चिकटलेला असतो. आपण जेल लावतो तेव्हा ते पुष्कळदा नखाला चिकटतच नाही. ते चिकटते या तेलाला आणि या पापुद्र्याला. मधला थर सुटला, की त्यावरचे सगळेच सुटणार!

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. स्टीलची ताटली साबणाने स्वच्छ धुऊन कोरडी करा. तिच्या अर्ध्या भागावर खोबरेल तेलाचे बोट फिरवून फडक्याने पुसून टाका. दोन्ही भागांवर पाण्याचा एकेक थेंब ठेवा. स्वच्छ भागावर थेंब पसरेल, तेलकट भागावर तो फुगून उभा राहील. म्हणजे डोळ्यांना दिसत नसले तरी तेल तिथे आहे. आता ताटली पुन्हा कोरडी करून दोन्ही भागांवर चिकटपट्टी लावा आणि ओढा. फरक हातालाच कळेल. नखावर जेल लावण्याआधी ते स्पिरिटसारख्या द्रावकाने का पुसतात, याचे उत्तर या ताटलीत आहे. पुसल्यानंतर नखाला बोट लावले, तर तेल परत आलेच म्हणून समजावे.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाच्या खडबडीतपणाची. याच जिल्ह्यातील सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि लाखकाम प्रसिद्ध आहे. लाकूड चरकावर फिरत असताना त्यावर लाखेची कांडी दाबून धरली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होते आणि लाकडाच्या बारीक छिद्रांत शिरते. थंड झाल्यावर ती तिथेच अडकून बसते. नखावर कानस हलकेच फिरवून चमक घालवतात ती याचसाठी. पण येथे एक चूक नेहमी होते. 'जास्त घासले तर जास्त चिकटेल' असे वाटून नख खूप घासले जाते. तसे केल्याने नख पातळ होते, पातळ नख जास्त वाकते आणि वाकणाऱ्या नखावरून कडक थर लवकर सुटतो. म्हणजे उपायच अपाय होतो.

आता जेलकडे वळू. बाटलीतले जेल म्हणजे ॲक्रिलेट वर्गातील लहान-मोठ्या रेणूंचे दाट मिश्रण. त्यात प्रकाशाने सक्रिय होणारे एक द्रव्य थोड्या प्रमाणात मिसळलेले असते. दिव्याचे अतिनील किंवा जांभळे किरण पडले, की हे द्रव्य फुटते आणि लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळे तयार होते. या क्रियेत उष्णता बाहेर पडते, म्हणून नखाला कधीकधी चटका बसतो. रेणू जवळ आल्यामुळे थर किंचित आकसतोही. थर जाड असेल तर दोन संकटे येतात: आकसण्याचा ताण कडेवर येतो आणि प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही. वरून कडक दिसणारा थर खाली, नेमका नखाला लागून, अर्धा कच्चा राहतो. म्हणून एका जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. प्रत्येक थर त्या जेलसाठी सांगितलेल्याच दिव्याखाली, सांगितला तेवढा वेळ धरला पाहिजे.

कडेला इतके महत्त्व का? पुन्हा चिकटपट्टी घ्या. ती ताटलीला समांतर ओढली तर सहज निघत नाही. एक टोक उचलून वर ओढली तर सरसर निघते. पहिल्या प्रकारात बळ सगळ्या क्षेत्रावर वाटले जाते, दुसऱ्यात ते एका रेषेवर एकवटते. नखाची उचललेली कड म्हणजे हेच उचललेले टोक. म्हणून जेल नखाच्या टोकावरून किंचित खाली वळवतात आणि मुळाशी कातडीला न लागता केसभर अंतर सोडतात. कातडी हलते, नख पुढे सरकते. कातडीवर चढलेले जेल पहिल्यांदा सुटते ते तिथेच. लांब नख ही तरफ आहे हेही विसरू नये. डब्याचे झाकण नखाने उघडले, की टोकावरचे थोडे बळ मुळाशी कितीतरी पट होऊन पोहोचते.

आणि पाणी? मालवणसारख्या दमट किनाऱ्यावर, घरकामात नख दिवसातून अनेकदा भिजते आणि सुकते. नख फुगते, जेल तितके फुगत नाही. हा रोजचा ताण जोड हळूहळू सैल करतो. जेल लावण्याच्या आधी बराच वेळ हात पाण्यात बुडवू नयेत आणि नंतर पाण्याच्या कामाला हातमोजे वापरावेत, हा सल्ला म्हणूनच दिला जातो. उचललेल्या कडेखाली पाणी साचले तर तिथे जंतू वाढून नख हिरवट होऊ शकते. असा थर गोंदाने परत दाबून बसवू नये आणि ओढून तर मुळीच काढू नये. त्याबरोबर नखाचे पापुद्रेही निघतात. तो रीतसर काढूनच टाकावा.

या विषयाची एक गंभीर बाजू आहे आणि ती मोठ्या वर्गांतल्या मुलींना अवश्य सांगितली पाहिजे. कच्चे राहिलेले जेल कातडीला वारंवार लागले तर ॲक्रिलेटची ॲलर्जी होऊ शकते. बोटांना खाज, लाली, फोड येतात. काहींच्या पापण्याही सुजतात. ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. दातांत भरण्याच्या पांढऱ्या द्रव्यातही याच कुळातील रसायने असतात, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्न केवळ नखांचा नाही हे कळते. युरोपीय संघाने 2020 मध्ये नियम करून हेमा हे यातील एक रसायन असलेली नखप्रसाधने केवळ व्यावसायिकांच्या वापरापुरती ठेवली. टीपीओ या प्रकाशाने सक्रिय होणाऱ्या द्रव्यावर तेथे 1 सप्टेंबर 2025 पासून बंदी आली. घरी, मिळेल त्या दिव्याखाली प्रयोग करणाऱ्यांनी याचा विचार करावा. जाड थर, कातडीवर ओघळलेले जेल, अपुरा प्रकाश: ज्या चुकांमुळे जेल सुटते, त्याच चुकांमुळे ॲलर्जीचा धोकाही वाढतो.

शेवटी कालवांकडे परत जाऊ. त्यांना ना स्पिरिट लागते, ना दिवा. कालवाचे पिल्लू पोहता पोहता कठीण जागा शोधते आणि मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट व थोडे सेंद्रिय द्रव्य असलेल्या सिमेंटने स्वतःला कायमचे जोडून घेते. शिंपलीही त्याच कॅल्शियम कार्बोनेटची. खडक पाण्याने फुगत नाही, वाकत नाही आणि वाढून पुढेही सरकत नाही. नख मात्र हे तिन्ही करते. महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर पुढे जाते. त्यामुळे उत्तम लावलेले जेलसुद्धा कधीतरी काढावेच लागणार. आम्हाला वाटते, विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर विचारावा: भिंतीच्या रंगाचे पोपडे, होडीचा उडालेला रंग, सायकलच्या ट्यूबचे सुटलेले ठिगळ, यांपैकी प्रत्येक ठिकाणी दोष कशाचा? तेलाचा, पाण्याचा, जाडीचा की कडेचा? उत्तर शोधायला प्रयोगशाळा लागणार नाही. एक ताटली, तेलाचे एक बोट आणि चिकटपट्टी पुरेशी आहे.