शरद-पतंगाचे क्षेत्र : आढळ आणि उद्रेक

एखाद्या कीटकाचा आढळ जेथवर आहे तेथवर त्याचा उपद्रवही असणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती किती अपुरी आहे हे ‘एपिरिटा ऑटम्नाटा’ या पतंगाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ‘शरदातील’ अशा अर्थाचे हे जातिनाम बोर्कहाउझेन याने १७९४ मध्ये दिले. हा पतंग ज्या जिओमेट्रिडी कुलात मोडतो, त्याचे नाव भूमापनवाचक ग्रीक शब्दावरून आले आहे. कारण या कुलातील अळ्या पाठीची कमान करीत, जणू जमीन वितीने मोजीत चालतात. अशाच चालीच्या अळ्यांना आपल्याकडील शेतकरी ‘उंट अळी’ म्हणतात.

या पतंगाचा आढळ विस्तीर्ण आहे. यूरोपचा बराचसा भाग, तेथून उत्तर आशियामार्गे जपान, आणि पलीकडे उत्तर अमेरिका एवढा प्रदेश त्यात येतो. भूर्ज हे अळीचे मुख्य खाद्य असले तरी इतर पानगळी वृक्षांवरही तिचा निर्वाह होतो. परंतु वनेच्या वने निष्पर्ण करणारे उद्रेक प्रामुख्याने नॉर्वे, स्वीडन व फिनलंड यांच्या उत्तर भागातील पर्वतीय भूर्जवनांतच होतात, आणि तेही साधारणतः नऊ-दहा वर्षांच्या अंतराने.

या भेदाचे मूळ पतंगाच्या जीवनक्रमात सापडते. मादी शरदात झाडाच्या सालीवर व फांद्यांवर अंडी घालते. अंडी हिवाळाभर तशीच राहतात आणि वसंतात कळ्या फुटण्याच्या सुमारास उबतात. पाने लवकरच राठ होत असल्याने अळीला वाढीसाठी थोडेच आठवडे मिळतात. त्यानंतर ती जमिनीत कोशावस्थेत जाते. दक्षिणेकडे कोश व अळ्या खाणारे नानाविध भक्षक संख्येला आवर घालतात, असे मानले जाते. उत्तरेत असे भक्षक कमी. तेथे परजीवी गांधीलमाश्यांचा प्रभाव मोठा, पण त्यांची वाढ पतंगाच्या वाढीमागून होते. चक्राकार उद्रेकांचे एक प्रमुख कारण हेच समजले जाते.

उत्तरेत दुसरी मर्यादा थंडीची. तापमान शून्याखाली सुमारे ३६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले म्हणजे अंडी मरतात. जड, थंड हवा दरीच्या तळाशी साचते. म्हणून उद्रेकाच्या वर्षी उतारावरील झाडे उघडी पडली तरी तळाची झाडे पुष्कळदा हिरवी राहतात. अर्थात ही सीमारेषा केवळ अक्षांशाला धरून जात नाही. ती एकाच डोंगराच्या अंगावरूनही जाते.

ही सीमा ढळली तर काय होते? १९६५-६६ च्या उद्रेकात फिनलंडमधील उत्स्योकी परिसरातील भूर्जवनांची फार मोठी हानी झाली. बुंध्यांना फुटलेले कोवळे कोंब रेनडिअरांनी खाल्ले, आणि पुष्कळ ठिकाणी वनाच्या जागी वृक्षहीन माळ उरला. त्या प्रदेशात रेनडिअरपालन हे सामी लोकांचे परंपरागत उपजीविकेचे साधन असल्याने या हानीचा संबंध मनुष्यजीवनाशीही पोचतो. अलीकडच्या दशकांत हिवाळे सौम्य होत चालले असून, पूर्वी अतिशीत म्हणून सुरक्षित असलेल्या अंतर्भागातही या पतंगाचे उद्रेक होऊ लागले आहेत. त्याचा सगोत्र असा हिवाळी पतंग, ‘ऑपेरोफ्टेरा ब्रुमाटा’, हाही ईशान्येकडे सरकला आहे. त्याची मादी तर उडूही शकत नाही.

तात्पर्य, पतंग कोठे आढळतो एवढेच नकाशावर नोंदणे पुरेसे नाही. त्याची अंडी कोठे तग धरतात आणि त्याचे शत्रू कोठे दुर्बळ पडतात, हे दाखविणारा नकाशाच वनरक्षणाच्या दृष्टीने उपयुक्त ठरेल.