गोदाकाठचा कौल

१९६३ साली नाशिक लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली, पण मतदान करण्याची वेळच आली नाही. चीनकडून झालेल्या पराभवानंतर कृष्ण मेनन यांना संरक्षण खाते सोडावे लागले होते. नेहरूंनी मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना बोलावून घेतले आणि त्यांना लोकसभेत जायला एक जागा हवी होती. नाशिकने ती बिनविरोध दिली.

एरवी अशा गोष्टीचे तपशील अभ्यासकांपुरतेच उरतात. पण सहाच वर्षांपूर्वी, १९५७ साली, याच नाशिकने चव्हाणांच्या काँग्रेसला पाडले होते. मुद्दा भाषेचा होता. द्वैभाषिक मुंबई राज्य नको, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा, असा पश्चिम महाराष्ट्राचा कौल होता. त्या लाटेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड इथून लोकसभेवर गेले. भाषावार राज्य मागणारे लोक देशाला नख लावतील, असे दिल्लीतले पुढारी तेव्हा म्हणत असत. राज्य मिळून तीन वर्षे झाली नव्हती, तोच त्या लोकांनी आपला पहिला मुख्यमंत्री देशाच्या सीमा राखायला पाठवला.

दिल्लीची भीती मात्र सगळीच खोटी नव्हती. भाषेच्या पायावर प्रांतिक समित्या रचायचे काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनातच ठरवले होते. मग फाळणी झाली. काश्मीरची लढाई, हैदराबादचा प्रश्न, तेलंगणातला सशस्त्र लढा हे सगळे एकाच वेळी अंगावर आले. १९४८ च्या डिसेंबरात धर आयोगाने भाषावार प्रांत देशहिताचे नाहीत असा निर्वाळा दिला. जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभी यांच्या समितीने १९४९ मध्ये तोच सूर जरा मऊ करून लावला. घर नुकते फुटलेले असताना आणखी वाटणीची भाषा कोणाला आवडेल? चूक भीती वाटण्यात नव्हती. मागणीला द्रोहाच्या रांगेत बसवण्यात होती.

कोंडी फुटली ती नाशिकच्याच गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला. पोट्टी श्रीरामुलू यांनी तेलुगू राज्यासाठी उपोषण केले आणि १५ डिसेंबर १९५२ रोजी मद्रासमध्ये प्राण सोडला. गोदावरीच्या मुखाकडचे जिल्हे पेटले, चार दिवसांत नेहरूंना घोषणा करावी लागली आणि १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झाले. रामकुंडावर सिंहस्थ भरतो तेव्हाच राजमहेंद्रीला गोदावरीचे पुष्करम् असते. गुरूने सिंह राशीत प्रवेश केला की दोन भाषांतले लोक एकाच नदीत उतरतात, आणि त्यासाठी कोणी कोणाला आपली भाषा सोडायला सांगत नाही.

पुढे फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये जवळजवळ सगळ्या मोठ्या भाषांना राज्य दिले. मराठी-गुजरातींच्या ताटात मात्र एकत्र मुंबई राज्य वाढले. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा, १९५६ च्या फेब्रुवारीत पुण्यात स्थापन झालेली संयुक्त महाराष्ट्र समिती आणि १ मे १९६०, हा सगळा क्रम मराठी वाचकाला पाठ आहे.

कमी पाठ आहे तो त्यातला पंचवटीचा धागा. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दरवाजासमोर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्याच्या आघाडीवर हेच दादासाहेब गायकवाड होते. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा हा माणूस पुढची चार वर्षे बाबासाहेबांच्या वतीने इथला लढा सांभाळत राहिला. दरवाजा उघडला नाही. १९३४ मध्ये बाबासाहेबांनीच गायकवाडांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवायला सांगितले.

त्याच बाबासाहेबांनी भाषावार राज्यांवर जे लिहिले, ते मला नेहरू किंवा समितीचे पुढारी यांच्यापेक्षा अधिक टोकदार वाटते. १९४८ मध्ये धर आयोगापुढे त्यांनी महाराष्ट्र प्रांताची बाजू मांडली, पण प्रांताचा कारभार केंद्राच्याच भाषेत चालावा अशी अट घातली. प्रांताला स्वतःची राजभाषा मिळाली की तो स्वतंत्र राष्ट्र होण्याच्या वाटेला लागेल, अशी त्यांची धास्ती होती. १९५५ च्या पुस्तिकेत ते पुढे गेले. एका राज्यात एक भाषा असावी, पण एका भाषेचे एकच राज्य कशाला, असे विचारून त्यांनी महाराष्ट्राचे चार भाग सुचवले. दुसरा इशारा त्याहून खोल होता. भाषावार राज्यात एखाद्या मोठ्या जातीचे वर्चस्व पक्के होईल आणि लहान समाज तिच्या दयेवर राहतील. देवळाच्या बंद दरवाजासमोर ज्याने बहुसंख्य म्हणजे काय ते पाहिले, त्याला हे सांगायला आकडेवारी लागली नसावी.

आणि १९५७ मध्ये त्यांचाच नाशिकचा सहकारी अखंड महाराष्ट्राच्या मतांवर निवडून आला! यात विसंगती शोधणारे शोधोत. मला त्यात एक समंजस सौदा दिसतो. भाषेचे राज्य घ्या, पण त्यात आमची जागा ठरवून घ्या.

राजभाषेविषयीची बाबासाहेबांची धास्ती खरी ठरली नाही, असे आता म्हणता येते. तमिळनाडू हे त्याचे उदाहरण. द्रविड मुन्नेत्र कळघमने चीनच्या युद्धाच्या सुमारास वेगळ्या द्रविडनाडूची मागणी सोडली. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने फुटीर प्रचाराची दारेही बंद केली. १९६५ मध्ये हिंदीवरून तिथे आगडोंब उसळला. १९६७ साली तोच पक्ष मतपेटीतून सत्तेवर बसला आणि त्याच वर्षी राजभाषा कायदा दुरुस्त होऊन इंग्रजीची हमी मिळाली. अर्थात सगळी कुलपे या एका किल्लीने उघडत नाहीत. पंजाबी सुभा १९६६ मध्ये झाला, तरी १९८० चे दशक रक्ताळलेच. तेलंगण तर २०१४ मध्ये तेलुगूतूनच तेलुगूपासून वेगळे झाले.

पंचवटीतून लंकेची आठवण काढायला निमित्त लागत नाही. पण इथे ती वेगळ्या कारणाने काढायची आहे. भारतात ज्या वर्षी भाषावार राज्ये झाली, त्याच १९५६ मध्ये लंकेने उलटा रस्ता धरला. सॉलोमन बंडारनायके यांच्या सरकारने सिंहली हीच एकमेव राजभाषा असा कायदा केला. डावे नेते कोल्विन डी सिल्वा यांनी तेव्हाच बजावले होते की दोन भाषा ठेवाल तर देश एक राहील, एक ठेवाल तर देश दोन होतील. सरकारी नोकरीतल्या तमिळांना सिंहली शिका किंवा बढती विसरा, अशी पाळी आली. १९५७ मध्ये बंडारनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार करून प्रादेशिक परिषदा आणि तमिळला काही जागा कबूल केली. तमिळ लोक फार मागत नव्हते; सांघिक रचना आणि भाषेचा मान, एवढेच. पण भिक्खूंचा जमाव पंतप्रधानांच्या दाराशी येऊन बसला आणि १९५८ मध्ये करार रद्द झाला. वाहनांच्या पाट्यांवर सिंहली ‘श्री’ सक्तीचा झाला, तमिळ भागात त्यावर डांबर फासले गेले, आणि त्याच वर्षी दंगली झाल्या.

वेगळ्या देशाचा ठराव आला तो त्यानंतर अठरा वर्षांनी, १९७६ साली वड्डुकोड्डईत. १९८१ मध्ये जाफनाचे ग्रंथालय जाळले, १९८३ मध्ये यादवी पेटली आणि २००९ पर्यंत चालली. तमिळला राजभाषेचा दर्जा १९८७ च्या दुरुस्तीने मिळाला, पण तोवर प्रश्न भाषेचा राहिलाच नव्हता. फुटीरता ही मागणी नाकारल्यानंतरची पायरी आहे, हे तारखांच्या क्रमातून इतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. १९५२ च्या ढाक्यातल्या बंगाली भाषा आंदोलनाचा अनुभवही तोच.

आपण शहाणे ठरलो, असे म्हणून इथे थांबता आले असते. पण पंचवटीच्या दिंडोरी नाक्यावरून निघालेला रस्ता वणी ओलांडून सापुताऱ्याला जातो आणि तिथून डांग सुरू होतो. १९४९ मध्ये बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांनी डांगचा दौरा करून तिथली बोली गुजरातीच्या जवळची ठरवली, तेव्हा मराठी मंडळी खवळली. दोन्ही बाजूंनी व्याकरणे काढली, जुने दाखले काढले. १९६० मध्ये डांग गुजरातला गेला. सुरगाणा, पेठ हे तालुके महाराष्ट्रात राहिले. सीमेच्या दोन्ही अंगांना कोकणा, वारली, भिल्ल यांची वस्ती आहे, नातीगोती आहेत, सप्तशृंगीची यात्रा एक आहे. मुलगी पलीकडे दिली की तिची मुले गुजरातीत शिकतात, भावाची मराठीत. घरात बोलतात ते दोन्ही शाळांच्या पुस्तकांत नाही. मराठीच्या आणि गुजरातीच्या त्या भांडणात डांगी बोलणारा माणूस पुरावा म्हणून हजर होता. पक्षकार म्हणून नव्हता.

बेळगावात आपण नेमके दुसऱ्या बाजूला उभे आहोत. १९६७ च्या महाजन अहवालाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. दरम्यान सीमाभागातला मराठी माणूस अगदी साध्या गोष्टीसाठी भांडतो आहे: सातबारा, नोटिसा, परिपत्रके मराठीत द्या. १५ टक्क्यांहून अधिक भाषक असतील तिथे त्यांच्या भाषेत नोटिसा द्याव्यात, हे राज्यांनी केव्हाच मान्य केलेले आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५० अ हे कलम घटनेत घातले, म्हणजे राज्ये भाषेने कापली त्याच वर्षी. कापणाऱ्यांना कडेला उरणाऱ्या चिंध्या दिसत होत्या.

एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला, तेव्हा महाराष्ट्रात मातृभाषेच्या बाजूने बोलायला सगळे पक्ष पुढे आले. लहान मुलाच्या डोक्यावर परकी भाषा लादू नये, हा युक्तिवाद गल्लोगल्ली ऐकू येत होता. मला तो पटतो. सुरगाण्याच्या आश्रमशाळेत पहिलीला बसलेल्या कोकणा मुलालाही प्रमाण मराठी परकीच असते, हे मात्र तेव्हा फारसे कोणी बोलले नाही. ३५० अ त्याच्यासाठीही आहे, आणि तिथे प्रतिवादी कर्नाटक सरकार नाही.