रेल्वे न आलेले गाव

नकाशा हातात आला की आधी नदी, मग रेल्वे शोधायची, असे आम्हाला शिकवतात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील निकोडेमसचा नकाशा मी तसाच पाहिला. जवळ सॉलोमन नदीची दक्षिण शाखा आहे, रेल्वे नाही.

१८७७ मध्ये केंटकीहून, गुलामगिरीतून सुटलेली कृष्णवर्णीय कुटुंबे इथे आली. समोर नुसते गवताळ माळरान! घराला लाकूड कुठून आणणार? त्यांनी जमीनच खोदून घरे केली. पुढच्या वर्षी आलेल्या विलियाना हिकमन यांना गाव दिसेचना. पतीने जमिनीतून निघणारा धूर दाखवला, तेव्हा त्या रडू लागल्या. पहिल्या हिवाळ्यात शिकारीतले मांस दिले ते ओसेज आदिवासींनी. मला हा भाग सर्वांत मोठा वाटतो.

पुढे दुकाने, शाळा, चर्च, वर्तमानपत्रेही आली. १८८८ मध्ये मात्र युनियन पॅसिफिकने रूळ नदीच्या दक्षिणेकडून नेले. दुकानदार रुळांपाशी, बोगला गेले. रसद तुटलेले ठाणे टिकत नाही म्हणतात. निकोडेमस आटले, पण उठले नाही. १९९६ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. दरवर्षी जुलैअखेरीस बाहेरगावी गेलेल्यांचे वंशज मुक्तीच्या उत्सवासाठी इथे परततात.