दोन गोष्टी आणि एक वाघ

गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या वाचनगटाने नेहमीची पुस्तकचर्चा बाजूला ठेवून सिनेमा बघायचे ठरवले. सिनेमा होता 'लाइफ ऑफ पाय'. बाहेर उणे अठरा तापमान, आत एका मित्राचे बेसमेंट, गरम साबुदाणा वडे आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर प्रशांत महासागर! शाळकरी मुलांपासून पंचाहत्तरीच्या आजोबांपर्यंत वीस-बावीस मंडळी जमली होती. सिनेमा दोन तास चालला आणि चर्चा त्याहून अधिक. शेवटी "तूच सगळ्यात जास्त बोललास, आता तूच लिहून काढ," असा हुकूम निघाला. मी साहित्यिक नाही. इंजिनिअरिंगमधली डॉक्टरेट आणि सॉफ्टवेअरमधली नोकरी एवढेच माझे भांडवल. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. पाँडिचेरीत प्राणिसंग्रहालय चालवणारे एक पटेल कुटुंब. धाकट्या मुलाचे नाव पॅरिसमधल्या एका पोहण्याच्या तलावावरून 'पिसिन मोलिटर' असे ठेवलेले. शाळेत मुले त्या नावावरून चिडवतात, म्हणून तो स्वतःला गणितातला 'पाय' म्हणवून घेतो. वडील प्राणी विकून कॅनडात, विनिपेगला, स्थायिक व्हायचे ठरवतात. वाटेत जहाज बुडते. लाइफबोटीत उरतात एक झेब्रा, एक ओरांगउटान, एक तरस, पाय आणि 'रिचर्ड पार्कर' नावाचा बंगाली वाघ. थोड्याच दिवसांत फक्त वाघ आणि मुलगा शिल्लक राहतात. ते 227 दिवसांनी मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागतात. (22 भागिले 7 म्हणजे पायची शाळेतली किंमत. तो आकडा उगाच निवडला नसावा, असे माझ्यातल्या इंजिनिअरला वाटते.)

मूळ कादंबरी कॅनडाचे लेखक यान मार्टेल यांची. ती 2001 साली प्रसिद्ध झाली आणि 2002 साली तिला बुकर पारितोषिक मिळाले. आपल्यासाठी गंमत अशी की या कादंबरीचा धागा आपल्या माथेरानला जाऊन पोचतो. पोर्तुगालवरची एक कादंबरी लिहायला म्हणून मार्टेल भारतात आले होते. ती काही जमेना. माथेरानच्या मुक्कामात ती बारगळली आणि तिथेच त्यांना ही नवी कल्पना सुचली. नेरळहून छोट्या गाडीने वर जाणारे, लाल मातीचे, मोटारींना बंदी असलेले आपले माथेरान! शाळेच्या सहलीत तिथल्या माकडांनी माझा डबा पळवला होता. मला तिथे दुसरे काहीच सुचले नाही, हा भाग वेगळा.

आता मते. ज्यांनी कादंबरी वाचली होती त्या एका ताईंचे म्हणणे असे, की पुस्तक चावते, सिनेमा चावत नाही. ते खरे आहे. पुस्तकातली भूक, सडलेले मांस, शाकाहारी मुलाने पहिला मासा मारताना केलेला आक्रोश आणि पुढे पडत गेलेली सवय, हे सगळे पानेच्या पाने अंगावर येते. सिनेमात ते सौम्य झाले आहे. पुस्तकात हे कुटुंब देश का सोडते, तर आणीबाणीच्या दिवसांत, 1976 साली तामिळनाडूचे सरकार बरखास्त झाल्यावर वडिलांचा धीर सुटतो. सिनेमात राजकारण ओझरतेच येते. आणि पुस्तकातला मोठा झालेला पाय आपल्या टोरांटोतल्या स्कारबरोत राहतो. सिनेमावाल्यांनी त्याला माँट्रिअलला हलवले. स्कारबरोच्या मंडळींनी याबद्दल जाहीर निषेध नोंदवला!

उलट बाजूने एका तरुण अभियंत्याने सिनेमाची वकिली केली. कित्येक वर्षे या कादंबरीवर सिनेमा होणेच शक्य नाही असे मानले जात होते. पाणी, लहान मुले आणि प्राणी या तीन गोष्टी दिग्दर्शकाने टाळाव्यात म्हणतात, आणि इथे तिन्ही एकत्र! दिग्दर्शक आंग ली यांनी तैवानमध्ये वापरात नसलेल्या विमानतळावर लाटा निर्माण करणारा प्रचंड हौद बांधून घेतला. पायचे काम करणारा दिल्लीचा सूरज शर्मा आणि खरा वाघ एकदाही एका होडीत नव्हते. काही थोड्या दृश्यांत खरे वाघ आहेत. बाकी सगळा वाघ संगणकाने घडवलेला. आधी सांगाडा, त्यावर स्नायू, त्यावर सैल सरकणारी कातडी, मग केस, आणि ओल्या केसांवर पडणाऱ्या उजेडाचे गणित. मी आयुष्यभर प्रोग्रॅम लिहीत आलो. पण भुकेने वाळलेल्या वाघाचे डोके पाय मांडीवर घेतो, तिथे हे सगळे गणित आहे हे मी साफ विसरलो.

या वाघाचीही एक मागची गोष्ट आहे. तो मुख्यतः घडवला कॅलिफोर्नियातल्या 'ऱ्हिदम अँड ह्यूज' या कंपनीने. तिच्या शाखा मुंबईत होत्या, व्हँकूव्हरमध्येही होत्या. फेब्रुवारी 2013 मध्ये या सिनेमाला चार ऑस्कर मिळाली. दिग्दर्शन, छायाचित्रण, विनिपेगमध्ये जन्मलेले मायकेल डॅना यांचे संगीत, आणि दृश्य-परिणाम. पण त्याच महिन्यात, सोहळ्याच्या काही दिवस आधी, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. सभागृहाबाहेर या क्षेत्रातले कारागीर निदर्शने करत होते. आत त्यांचे प्रमुख बिल वेस्टनहोफर कंपनीच्या अडचणीबद्दल बोलू लागले, तेव्हा वाद्यवृंदाने संगीत सुरू करून त्यांचे भाषण गुंडाळले. म्हणजे वाघाची सुंदर गोष्ट सगळ्यांनी पाहिली, तो घडवणाऱ्यांची गोष्ट अर्ध्यावर थांबवली.

आणि हाच या कादंबरीचा गाभा आहे. किनाऱ्याला लागल्यावर जपानच्या परिवहन मंत्रालयाच्या वतीने आलेल्या दोन जपानी अधिकाऱ्यांना वाघाची गोष्ट पटत नाही. मग पाय त्यांना दुसरी गोष्ट सांगतो. तिच्यात प्राणी नाहीत. होडीत एक जखमी खलाशी, पायची आई, जहाजावरचा आचारी आणि पाय. आचारी खलाशाला आणि मग आईला मारतो आणि पाय आचाऱ्याला. अधिकारी जुळणी करतात: झेब्रा म्हणजे खलाशी, ओरांगउटान म्हणजे आई, तरस म्हणजे आचारी. वाघ मग कोण, हे सांगायला नको. 'रिचर्ड पार्कर' हे नावही मुद्दाम आले आहे. 1884 साली 'मिन्योनेट' नावाची इंग्रजी नौका बुडाली तेव्हा होडीतल्या भुकेल्या माणसांनी ज्या सतरा वर्षांच्या पोऱ्याला मारून खाल्ले, त्याचे नाव रिचर्ड पार्कर. जीव वाचवण्याची गरज हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही, असा निकाल त्या खटल्यात लागला.

आजोबांना यात काही नवल वाटले नाही. ते म्हणाले, "आपल्याकडे चांगदेव वाघावर बसून आला आणि ज्ञानदेवांनी भिंत चालवली. लहानपणी कोणी विचारले का, भिंत किती मैल चालली म्हणून? चौदाशे वर्षांच्या माणसाचा अहंकार उतरला, एवढे कळले की झाले." त्यांच्या मते सिनेमाही तेच सांगतो. घडले काय हे सिद्ध करता येत नसेल, तर जी गोष्ट जगायला बळ देते ती धरावी. पाय स्वतः हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान तिन्ही धर्म पाळतो, तो याच न्यायाने.

बहुतेकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण परतताना गाडीत माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने विचारले, "बाबा, तू कॅनडाला आलास ती गोष्ट आहे ना, त्यात वाघ आहे का?"

आमच्या घरची गोष्ट अशी: बाबा मुंबईहून डॉक्टरेट घेऊन 2009 च्या जानेवारीत इथे आला, थोडी धडपड केली, चांगली नोकरी मिळाली. दुसरी गोष्ट अशी: मंदी होती. जिथे तिथे 'कॅनडातला अनुभव' मागत. दोन महिन्यांनी मी अर्जातून डॉक्टरेट खोडली, कारण तिच्यामुळेच नकार येत होते. त्यानंतर पाच महिने एका गोदामात रात्रपाळीला खोकी उचलली. दर रविवारी सांगलीला आईशी फोनवर बोलताना "प्रोजेक्ट जोरात चाललंय" असे सांगत होतो. तिने ते अख्ख्या गल्लीला सांगितले. 2014 साली ती गेली, तीच गोष्ट खरी धरून.

गाडी दारात उभी करून, हीटर चालू ठेवून, मी त्याला हे सगळे सांगितले. सगळे ऐकून त्याने एकच विचारले, "आजीला का नाही सांगितलंस?" मला उत्तर देता आले नाही.

म्हणून आजोबांशी मी थोडा असहमत आहे. पाय फक्त वाघाची गोष्ट सांगत नाही, तो दोन्ही सांगतो आणि मग विचारतो, तुम्हाला कुठली आवडली? अधिकारी अहवालात वाघ लिहितात, पण दुसरी गोष्ट ऐकून घेतल्यावर. ती ऐकलीच नसती, तर त्यांनी निवड केली असे म्हणता आले नसते. आईला मी निवड करूच दिली नाही. आणि दरवर्षी मंडळाच्या स्वागत-समारंभात नव्याने आलेल्यांपुढे आपण सारे आपापले वाघ घेऊन उभे राहतो. गोदामातल्या रात्रींचा उल्लेखही करत नाही. समोर बसलेल्याला वाटते, सगळ्यांचे सुरळीत झाले, माझेच काहीतरी चुकते आहे.

पुस्तक इथल्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत मिळते. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर सिनेमा जरूर बघावा, मात्र परतीच्या प्रवासाला थोडा जास्त वेळ ठेवावा. येत्या स्वागत-समारंभात दहा मिनिटे मी मागून घेतली आहेत. मी दोन्ही गोष्टी सांगणार आहे.