युरोपावर यान उतरणार नाही, खोदणार तर नाहीच

१४ ऑक्टोबर २०२४ रोजी 'युरोपा क्लिपर' झेपावलं आणि तेव्हापासून एक वाक्य पिच्छा सोडत नाही: नासाचं यान गुरूच्या युरोपा या चंद्रावर जीव शोधायला निघालंय. काही उत्साही मंडळी तर बर्फाला भोक पाडून मोकळी होतात.

नाही हो. हे यान युरोपावर उतरणार नाही. त्याच्याभोवती घिरट्यासुद्धा घालणार नाही. फिरणार ते गुरूभोवती. युरोपापाशी किरणोत्सार इतका जहाल आहे की तिथे मुक्काम ठोकला तर उपकरणं काही महिन्यांत निकामी होतील. म्हणून जवळून सटकायचं आणि लांब पळायचं, असं ४९ वेळा. यान गुरूपाशी पोचेल एप्रिल २०३० मध्ये. युरोपाच्या भेटी त्यानंतर.

मग शोधणार काय? नासाने उद्दिष्ट स्वच्छ लिहिलंय: तिथे जीव तगू शकेल अशी परिस्थिती आहे का. बर्फ किती जाड, खालचं पाणी किती खारट, कार्बनी संयुगं आहेत का. 'सुडा' हे उपकरण घ्या. बारीक उल्काकणांच्या माऱ्याने युरोपावरून उडालेली धूळ त्यातल्या धातूच्या पाटीवर आदळेल, क्षणात तिचे विद्युतभारित तुकडे होतील आणि त्यांच्या वस्तुमानावरून तो कण कशाचा होता ते कळेल. क्षार कळतील, सेंद्रिय रेणू कळतील. पण सेंद्रिय म्हणजे सजीव नव्हे. असे रेणू अशनींतही सापडतात. तरीही ते मिळाले की 'जीव सापडला' आणि नाही मिळाले की 'मोहीम फसली', हे दोन्ही मथळे मला आत्ताच दिसताहेत.

सूर्यापासून इतक्या लांब पाणी गोठत कसं नाही? पृष्ठभाग उणे १६० अंशांच्या आसपास, मान्य. पण आयो आणि गॅनिमीड या शेजाऱ्यांच्या ओढीमुळे युरोपाची कक्षा पुरती गोल होत नाही, आणि साडेतीन दिवसांच्या प्रत्येक फेरीत गुरू त्याला कमीजास्त ताणतो. तार सारखी वाकवली की तापते, तसंच. अर्थात बर्फाखालचा हा समुद्र कुणी पाहिलेला नाही. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो गॅलिलिओ यानाच्या चुंबकमापकाच्या नोंदींचा.

युरोपातून कारंजी उडतात? हबल दुर्बिणीला तशा खुणा दिसल्या, शिक्कामोर्तब झालेलं नाही. खात्रीची कारंजी शनीच्या एन्सेलेडसवर. कॅसिनी यान त्यांतून आरपार गेलं होतं, आणि तिथून उडालेल्या हिमकणांत फॉस्फेट असल्याचं २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं.

आणि युरोपीय अंतराळ संस्थेचं 'ज्यूस' यान? त्याचा मुक्काम गॅनिमीडभोवती. युरोपाजवळून ते फक्त दोनदा जाईल.