इसार घेतलेले हात

विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडच्या बाया हेरिंग मासळीच्या हंगामाआधी व्यापाऱ्याकडून इसार घेत व त्याला बांधल्या जात. मला आमच्या घरची ऊसतोडीची उचल आठवली. पण ती बापाच्या अंगठ्यावर मिळे, आई त्यातच धरलेली. तिथे इसार बाईच्याच हातावर पडे.

टोळी तिघींची. दोघी मासे चिरून आतडी काढीत, तिसरी मीठ घालून पिंपात रची. सराईत बाई मिनिटाला साठेक मासे चिरी. बोटांना चिंध्या गुंडाळूनही सुरी लागे, जखमेत मीठ शिरे. मजुरी पिंपामागे, तिघींत वाटून.

हेरिंग लवकर नासते, हे व्यापाऱ्याइतकेच त्यांनाही ठाऊक होते. १९३६ साली इंग्लंडातील यार्मथ बंदरात त्यांनी दरवाढीसाठी संप केला.